विजय नेमका कोणाचा? : मूटों १९४५ची बाटली आणि एक सोयीस्कर इतिहास

१/
एका बाटलीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर पुनःपुन्हा फिरत असते. लेबलाच्या माथ्यावर पानांनी वेढलेले रोमन ‘व्ही’ अक्षर, त्याच्याजवळ १९४५ हा आकडा आणि ‘विजयवर्ष’ या अर्थाचे फ्रेंच शब्द. शाटो मूटों रॉथशिल्ड या बोर्दोच्या मळ्याची ही तांबडी वाइन. विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ वाइनच्या यादीत तिचे नाव हटकून असते.

२/
छायाचित्राबरोबर एक कथाही फिरते. नाझींनी मळा बळकावला, ज्यू मालक परागंदा झाला, दोस्तांचा विजय झाला, मालक परतला, आणि त्याच वर्षी निसर्गानेही जणू विजय साजरा करीत अलौकिक द्राक्षे दिली. कथा गोड आहे, आटोपशीर आहे. तिच्यातील प्रत्येक वाक्य अर्धे खरे आहे, आणि अर्धसत्याचे खंडन नेहमीच अधिक कष्टाचे असते. म्हणून हा धागा लांबणार आहे.

३/
माझे म्हणणे आरंभीच मांडते. या कथेत तीन गफलती आहेत. जप्ती कोणी केली याचे उत्तर चुकीचे आहे. द्राक्षे उत्तम का आली याचे उत्तर भाबडे आहे. आणि विजय कोणाचा, हा प्रश्न तर विचारलेलाच नाही. तिन्ही गफलतींचा परिणाम एकच : एका राज्यसंस्थेचा अपराध एका सुंदर लेबलाआड झाकला जातो.

४/
आधी पार्श्वभूमी. बोर्दोच्या उत्तरेस, जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर मेदॉक हा प्रदेश आहे. तेथील पोयाक गावाजवळचा हा मळा नाथानिएल द रॉथशिल्ड याने १८५३ मध्ये लिलावात विकत घेतला. शेजारचा लाफीटचा मळा १८६८ मध्ये त्याच घराण्याच्या पॅरिसमधील शाखेने घेतला.

५/
१८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मेदॉकच्या वाइनची प्रतवारी केली. पहिल्या श्रेणीत चार नावे : लाफीट, लाटूर, मार्गो आणि मेदॉकबाहेरचे ओ-ब्रियाँ. मूटों दुसऱ्या श्रेणीत, त्या श्रेणीत अग्रस्थानी. ही यादी चव घेऊन केलेली नव्हती. बाजारात वर्षानुवर्षे मिळालेल्या भावांवरून ती केली गेली. भावांची ती वही पुढे धर्मग्रंथासारखी अढळ मानली गेली, हे ध्यानात ठेवावे. धाग्याच्या शेवटी त्याचे काम आहे.

६/
१९२२ मध्ये विशीतला फिलिप द रॉथशिल्ड मळ्याचा कारभार पाहू लागला. तोवर वाइन पिंपांतून व्यापाऱ्यांकडे जाई आणि बाटल्या ते भरीत. फिलिपने १९२४ पासून सगळी वाइन मळ्यावरच बाटलीबंद करण्याचा पायंडा पाडला. भेसळीला आळा बसला आणि लेबलावरचा अधिकार मालकाकडे आला. लेबलाचे सामर्थ्य फिलिपइतके क्वचितच कोणी ओळखले असेल.

७/
आता पहिली गफलत. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. शस्त्रसंधीनुसार अटलांटिकचा किनारा, म्हणजे बोर्दो आणि मेदॉकसुद्धा, जर्मन व्याप्त भागात गेला. मळ्यांवर जर्मन सैनिक राहायला आले. एवढे खरे. परंतु फिलिपचे नागरिकत्व काढून घेतले ते मार्शल पेताँच्या व्हिशी सरकारने. त्याची मालमत्ता जप्त केली तीही त्याच सरकारने. उत्तर आफ्रिकेत त्याला अटक झाली ती फ्रेंच हुकमाने. पुढे सुटून तो इंग्लंडला पोहोचला आणि द गॉलच्या स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल झाला.

८/
‘पण व्हिशी म्हणजे जर्मनांच्या हातचे बाहुले’, असे उत्तर तत्काळ येते. हे उत्तर इतिहासाने केव्हाच निकालात काढले आहे. ३ ऑक्टोबर १९४०चा ज्यूविरोधी कायदा व्हिशीने आपणहून केला. तो बर्लिनने लिहून दिलेला नव्हता. अमेरिकी इतिहासकार रॉबर्ट पॅक्सटन यांनी १९७२च्या आपल्या ग्रंथात जर्मन दप्तरांच्या आधारे हे स्पष्ट केले, तेव्हा फ्रान्समध्ये केवढी खळबळ माजली!

९/
आणखी एक बचाव असा की, रॉथशिल्डांचे मळे जर्मनांच्या घशात जाऊ नयेत म्हणूनच व्हिशीने ते ताब्यात घेतले. जमीन फ्रेंच हातांत राहावी ही इच्छा व्हिशीला होतीच, हे मान्य. पण या युक्तिवादाचा अर्थ पाहा : माती फ्रेंच आहे म्हणून ती वाचवायची, आणि तिचा मालक मात्र आता फ्रेंच नाही असे फर्मान काढायचे. हा मळ्याचा बचाव म्हणता येईल. माणसाचा खचितच नव्हे.

१०/
ज्यांच्याजवळ मळे नव्हते त्यांचे काय झाले? जिरोंद प्रांताच्या प्रशासनात १९४२ ते १९४४ या काळात मोरिस पापों हा सरचिटणीस होता. सुमारे १,६०० ज्यू स्त्री-पुरुष आणि मुले या काळात बोर्दोहून पॅरिसजवळच्या द्रान्सी छावणीकडे धाडली गेली. तेथून बहुतेकांची रवानगी ऑशवित्झला झाली. याद्या, पोलीस, आगगाड्या : हे सारे फ्रेंच प्रशासनाच्या शिक्क्यानिशी चालले.

११/
१९४२, १९४३, १९४४ याही वर्षी मेदॉकमध्ये द्राक्षे पिकली, तोडणी झाली, बाटल्या भरल्या. त्या वर्षांच्या लेबलांवर कोणतेही अक्षर नाही.

१२/
व्यापारही थांबला नव्हता. जर्मनीने बोर्दोसाठी हाइन्झ ब्योमर्स नावाचा खरेदी अधिकारी नेमला. तो स्वतः ब्रेमेनचा वाइन व्यापारी, बोर्दोच्या पेढ्यांचा जुना परिचित. लुई एशनाउअर या बड्या व्यापाऱ्याने जर्मनांशी प्रचंड उलाढाल केली. १९४५ मध्ये त्याच्यावर खटला होऊन तुरुंगवास आणि जबर दंड झाला. तो एकटाच नव्हता. शिक्षा झालेले मोजके, आणि विक्रीच्या वह्या मिटून गप्प बसलेले पुष्कळ.

१३/
आता १९४५ कडे येऊ. हे वर्ष द्राक्षाच्या वेलीच्या पंचांगाने वाचू या. छाटणी संपून वेल फुटण्याच्या बेतात असतो तो मार्च. त्या मार्चमध्ये फिलिपची पत्नी एलिझाबेथ पेल्टिए द शांब्यूर हिचा राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मृत्यू झाला. ती जन्माने कॅथलिक होती. पतीपासून ती विभक्त राहत होती. १९४४ मध्ये पॅरिसमध्ये गेस्टापोने तिला उचलले. लहानगी मुलगी फिलिपिन मागे राहिली. सोव्हिएत फौजा छावणीपर्यंत पोहोचल्या ३० एप्रिलला.

१४/
एप्रिल. वेल फुटतात. बोर्दो शहर ऑगस्ट १९४४ मध्येच मुक्त झाले होते, पण मेदॉकच्या उत्तर टोकाला जर्मन सैन्य तटबंदी करून बसले होते. पोयाकपासून ते टोक साधारण पन्नास किलोमीटरवर. १४ ते २० एप्रिलच्या लढाईत ते टोक सर झाले. त्यात लढलेल्यांमध्ये फ्रँकोच्या स्पेनमधून हाकलले गेलेले बास्क आणि प्रजासत्ताकवादी स्पॅनिश होते, उत्तर आफ्रिकेतून आलेली पथके होती.

१५/
खाडीपलीकडचे रोयाँ शहर तर जानेवारीतच ब्रिटिश विमानांच्या बॉम्बवर्षावात बेचिराख झाले होते. शेकडो फ्रेंच नागरिक त्यात मृत्युमुखी पडले. एप्रिलमध्ये अमेरिकी विमानांनी त्याच परिसरावर नापाम टाकले. त्या विमानांपैकी एकात हॉवर्ड झिन हा तरुण बॉम्बफेक्या होता. पुढे तो नामवंत इतिहासकार झाला आणि त्या हल्ल्याच्या निरर्थकतेविषयी त्याने स्वतःच लिहिले. युद्ध तीन आठवड्यांत संपणारच होते.

१६/
२ मे. मेदॉकमध्ये कडाक्याचा हिमतुषार पडला. कोवळे फुटवे करपून गेले. पिकाचा मोठा हिस्सा त्या एका रात्रीत गेला. त्यानंतर सहा दिवसांनी जर्मनीची शरणागती. ज्या निसर्गाने म्हणे विजय साजरा केला, त्याने विजयाच्या आठवड्यात दिलेली ही भेट.

१७/
येथे दुसरी गफलत उलगडते. पुढचा उन्हाळा कडक आणि कोरडा गेला. वेलीवर घड थोडे, पाणी कमी, म्हणून मणी लहान आणि साली जाड. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. रस कमी आणि साल जास्त झाली की वाइन दाट, कणखर आणि अनेक दशके टिकणारी होते. वर्ष महान ठरले ते हानीमुळे. मूटोंच्या साऱ्या मळ्यातून बाटल्या निघाल्या त्या पाऊण लाखाच्या आसपास.

१८/
आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला यातील एक गोष्ट चटकन उमजेल. केवडा रोगावर तो जे बोर्डो मिश्रण फवारतो, मोरचूद आणि चुन्याचे, त्याचा शोध याच मेदॉकच्या मळ्यांत १८८०च्या दशकात लागला. युद्धकाळात तांबे जर्मन कारखान्यांकडे वळले आणि मोरचुदाची टंचाई झाली. कोरड्या हवेत केवड्याचा जोर कमी असतो. १९४५ ओले गेले असते, तर विजयवर्षाची वाइन कदाचित फवारणीअभावी वेलीवरच सडली असती.

१९/
आणि हात कोणाचे होते? १९४० मध्ये पंधरा लाखांहून अधिक फ्रेंच सैनिक युद्धकैदी म्हणून जर्मनीत नेले गेले. १९४३ पासून सक्तीच्या मजुरीच्या कायद्याने आणखी लाखो तरुण गेले. तोही कायदा व्हिशीचाच. मागे राहिलेल्या बायकांनी, वृद्धांनी आणि पोरांनी चार-पाच वर्षे फ्रान्सची शेती जगवली. खत नाही, घोडे सैन्याने नेलेले, मजूर नाहीत. वेल एक वर्ष छाटला नाही तर रानटी होतो. त्या हातांनी तो रानटी होऊ दिला नाही.

२०/
त्या बायकांनी फ्रान्समध्ये प्रथम मतदान केले ते २९ एप्रिल १९४५ रोजी, नगरपालिकांच्या निवडणुकीत. हिमतुषाराच्या तीन दिवस आधी. मूटों १९४५ विषयीच्या रसभरीत वर्णनांत मातीच्या थरांना पानेच्या पाने मिळतात. या हातांना एक ओळ मिळत नाही. ‘माती आणि हवामान यांनीच वाइन घडते’ हा सिद्धान्त किती सोयीचा आहे पाहा : माती मजुरी मागत नाही, आणि साक्षही देत नाही.

२१/
तिसरी गफलत : विजय कोणाचा? ८ मे १९४५ रोजी पॅरिसमध्ये घंटानाद चालू असताना अल्जीरियातील सेतिफ गावी विजयाच्याच मिरवणुकीत अल्जीरियन झेंडा फडकला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दंगल उसळली, शंभराच्या आसपास युरोपीय मारले गेले, आणि मग फ्रेंच सैन्याने व वसाहतवाल्यांनी हजारो अल्जीरियनांची कत्तल केली. याच अल्जीरियाचे सैनिक फ्रान्ससाठी इटलीत आणि जर्मनीत लढले होते. याच अल्जीरियाची गडद वाइन फ्रान्सच्या पातळ वाइनला रंग आणि बळ देत होती.

२२/
आता लेबलाकडे. फिलिपने फिलिप ज्युलियाँ या तरुण, अपरिचित चित्रकाराकडून ‘व्ही’चे चित्र करून घेतले. ही चर्चिलच्या दोन बोटांची खूण. तेथून परंपराच सुरू झाली : दरवर्षी एका कलावंताचे चित्र. कॉक्तो, ब्राक, दाली, शागाल, पिकासो, वॉरहॉल. २००९च्या लेबलावर अनिश कपूर आहेत. ते मुंबईत जन्मलेले. त्यांच्या आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमधील प्रार्थनागायक.

२३/
फिलिपला दोष देण्याचा माझा हेतू नाही, हे ठळकपणे सांगते. ज्याचे नागरिकत्व गेले, ज्याच्या मुलीची आई छावणीत मेली, त्याने घरी परतून ‘व्ही’ काढला तर त्याला तो अधिकार होता. तो त्याने लढून मिळवला होता. माझा आक्षेप त्या अक्षराला नाही. ते अक्षर एका माणसाच्या सुटकेचे आहे आणि आपण ते एका राष्ट्राच्या निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र म्हणून वाचतो, याला आहे.

२४/
असे वाचन आपोआप घडले नाही. ९ ऑगस्ट १९४४च्या वटहुकमाने द गॉलच्या हंगामी सरकारने व्हिशीचे कायदे मुळातच रद्दबातल ठरवले. फ्रेंच प्रजासत्ताक कधी थांबलेच नव्हते, असा त्यामागचा सिद्धान्त. जप्त मालमत्ता परत मिळण्यास तो उपकारक ठरला. पण त्यातूनच एक पळवाटही निघाली : व्हिशी म्हणजे फ्रान्स नव्हेच, तर मग फ्रान्सने माफी कशाची मागायची? पुढची पन्नास वर्षे एकामागून एक राष्ट्राध्यक्ष याच वाटेने गेले.

२५/
आणि आता ती १८५५ची वही. मूटोंला पहिल्या श्रेणीत चढवण्यासाठी फिलिपने अनेक दशके खटपट केली. अखेर १९७३ मध्ये ते घडले. या प्रतवारीत झालेली ही एकमेव बढती. आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते जाक शिराक.

२६/
त्या १९७३ साली मोरिस पापों कोठे होता? फ्रान्सच्या संसदेत, सत्ताधारी पक्षाचा प्रतिनिधी म्हणून. मधल्या काळात तो पॅरिसचा पोलीसप्रमुख होऊन गेला होता. ऑक्टोबर १९६१ मध्ये त्याच्याच पोलिसांनी पॅरिसच्या रस्त्यांवर अल्जीरियन निदर्शकांना मारून सीन नदीत फेकले. १९७८ मध्ये तो अर्थसंकल्पमंत्री झाला. बोर्दोतील त्याच्या सहीचे कागद १९८१ मध्ये वृत्तपत्रात झळकले. शिक्षा झाली १९९८ मध्ये, बोर्दोच्याच न्यायालयात. दहा वर्षांची.

२७/
ज्यूंच्या धरपकडीत फ्रेंच राज्याचा सहभाग होता, ही जाहीर कबुली देणारा पहिला राष्ट्राध्यक्ष कोण? तेच जाक शिराक. दिनांक १६ जुलै १९९५. म्हणजे वाइनच्या एका बाटलीची श्रेणी १९७३ मध्ये सुधारली गेली, आणि फ्रान्समधून हद्दपार केलेल्या सुमारे ७६,००० माणसांविषयीचे सत्य त्याच हातांनी त्यानंतर बावीस वर्षांनी नोंदवले. राष्ट्राची स्मृती कशाची निगा आधी राखते, हे मला याहून नेमके दाखवता येणार नाही.

२८/
‘वाइनला वाइन राहू द्या, प्रत्येक घोटात राजकारण कशाला?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. माझे उत्तर : इतिहास मी बाटलीत ओतलेला नाही. विक्रेत्यांनीच तो लेबलावर छापला आणि त्याचे दाम घेतले. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात या वाइनच्या बारा बाटल्या २,९०,००० डॉलरना गेल्या. एका बाटलीला चोवीस हजारांहून अधिक. साठी ओलांडलेल्या द्राक्षरसाला एवढे मोल एकट्या चवीने येत नाही. ते ‘विजयवर्ष’ या शब्दाचेही आहे. शब्द विकायचा असेल तर तो पूर्ण विकावा.

२९/
दुसरा आक्षेप मला वर्गातच ऐकायला मिळाला : फ्रेंचांच्या बाटलीशी आपल्याला काय कर्तव्य? कर्तव्य पद्धतीशी आहे. वारसा म्हणून मिरवल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला, मग ती पैठणी असो, तोफ असो की वाडा, हेच तीन प्रश्न विचारता येतात. ती कोणाकडून हिरावली गेली? ती कोणाच्या हातांनी टिकली? आणि तिच्यावर कोरलेल्या गौरवशब्दात कोणाला जागा मिळाली नाही? उत्तरे अडचणीची निघाली तर वस्तू कमी सुंदर होत नाही. आपण मात्र थोडे कमी भोळे होतो.

३०/
तेव्हा ते छायाचित्र पुन्हा समोर आले, तर ‘व्ही’ जरूर पाहावा. त्याखाली मनातल्या मनात एवढे लिहून घ्यावे : मार्चमध्ये एलिझाबेथ, एप्रिलमध्ये रोयाँ, २ मेचा हिमतुषार, ८ मेचे सेतिफ, आणि सप्टेंबरात उरलेसुरले घड तोडणारे अनाम हात. त्या वर्षाचे लेबल खरे तर एवढे मोठे आहे. बाटलीवर ते मावले नाही, म्हणून धाग्यात लिहिले.

(धागा समाप्त. चुका दाखवल्यास दुरुस्त करीन. मतभेद असल्यास पुराव्यानिशी अवश्य मांडावेत.)
#इतिहास #मराठी #धागा